फोन काढून घेतल्यानंतर

आमच्या वस्त्यांत एखादी मुलगी फोनवरून कोणाच्या तरी जाळ्यात सापडली की तीन उपाय ठरलेले असतात. पहिला, तिचा फोन काढून घ्या. दुसरा, शाळा बंद करा. तिसरा, दोन-तीन महिन्यांत मिळेल ते स्थळ बघून निकाह लावून टाका. हे उपाय सुचवायला आलिम लागत नाही की वकील लागत नाही. मामू, खाला, वरच्या मजल्यावरची भाभी, मशिदीच्या कमिटीचे सदर, सर्वांना ते तोंडपाठ आहेत. "मॅडम, नाम काट दो इसका," असे म्हणत बाप शाळेच्या दारात उभा राहतो, मुलगी त्याच्या मागे मान खाली घालून उभी असते, आणि दाखला हातात पडला की प्रकरण मिटले असे सर्वजण धरून चालतात. आम्ही उर्दू शाळांत शिकवणारी माणसे हे दृश्य अनेकदा बघतो. म्हणून स्पष्ट सांगतो : या तीनपैकी एकही उपाय मुलीच्या उपयोगाचा नाही. तिला फसवणाऱ्याला मात्र तिन्हींचा उपयोग होतो.

आमचा पट्टा कारखान्यांनी वसवलेला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग भोसरी-आकुर्डीकडे एमआयडीसी आली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली, आणि गेल्या पंचवीस वर्षांत कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव होऊन बसले. या कारखान्यांच्या मागे मराठवाड्यातून, सोलापूरकडून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसे आली. त्यांत आपली माणसे पुष्कळ. कोणी ठेकेदाराकडे हेल्पर, कोणी वेल्डर, कोणी भंगारात. बारा तासांची पाळी करून आलेला बाप झोपतो तेव्हा मुलगी शाळेत असते आणि मुलगी घरी येते तेव्हा बाप कंपनीच्या बसमध्ये चढलेला असतो. आई पॅकिंगला नाहीतर धुण्याभांड्याला. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे. अशा घरात वयात येणाऱ्या मुलीला स्वतःचा म्हणावा असा कोपरा नसतो. तो तिला फोनमध्ये सापडतो, आणि तिथे कोणीतरी तिची वाट बघत बसलेला असतो.

फोन घरात आला कसा, हेही आठवावे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाले आणि इंटरनेट मजुराच्या खिशाला परवडू लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा व्हॉट्सअॅपवर भरू लागली. ज्या घरात बापाचा एकच फोन होता तिथे कर्ज काढून दुसरा आला, तो अभ्यासासाठी. शाळा पुन्हा इमारतीत भरू लागल्या, फोन मात्र मुलांच्या हातात राहिला. आता त्याला 'मोबाईल का फितना' म्हणून जुमाच्या बयानात झोडपणे सोपे आहे. बयान करणारे हजरत स्वतः त्याच फोनवरून आपले बयान पाठवतात, ते असो.

जाळे कसे विणले जाते ते मात्र कोणत्याही बयानात ऐकायला मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सुरुवात कधीही घाणेरड्या शब्दांनी होत नाही. इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या खेळाच्या गप्पांत सलाम येतो. पुष्कळदा तो मुलीच्या नावाने येतो, डीपीवर गुलाब किंवा काबा शरीफ असतो. "तुम बहुत समझदार हो," हे वाक्य येते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे वाक्य घरात कोणी म्हटलेले नसते. मग रिचार्ज. मग घरातल्या भांडणांची चौकशी : अब्बू मारतात का, अम्मी भावालाच जास्त देते का. ऐकणारा रोज ऐकतो, न कंटाळता. पंधरा दिवसांनी "ये बात किसी को मत बताना." येथे खरा गळ लागतो. एक गुपित तयार झाले की दुसरे त्यावर चढते. आधी चेहऱ्याचा फोटो, मग दुपट्ट्याविना, मग पुढचे. हे मिळाले की दुसऱ्याच क्षणी आवाज बदलतो : "तेरे अब्बू को भेजूं क्या?" यापुढे तो जे म्हणेल ते ती करते. पैसे आणून देते, सांगेल तिथे भेटायला जाते, सांगेल त्या गाडीत बसते.

या सगळ्यात त्याच्या हातात शस्त्र कोणते आहे? फोटो नव्हे. फोटो कोणाचाही असू शकतो, आता तर यंत्र खोटाही बनवून देते. शस्त्र आहे आमची बदनामीची भीती, आणि ते आम्हीच परजून त्याच्या हातात दिलेले आहे. मुलीने आईला सांगितले तर काय होईल हे तिला पक्के ठाऊक असते. मार बसेल, फोन जाईल, शाळा जाईल, निकाह होईल. धमकी देणाऱ्याकडे तिच्यासाठी काय शिक्षा आहे? साधारण हीच. मग तिने घरी का सांगावे?

हा डाव फोनच्याही आधीचा आहे. १९९२ साली अजमेर आणि १९९४ साली जळगाव. दोन्हीकडे शाळा-कॉलेजच्या मुलींना ओळखीच्या माणसांनी बोलावले, त्यांचे फोटो काढले आणि त्या फोटोंच्या धाकावर त्यांचे शोषण केले. जळगावात आरोपींमध्ये राजकीय वजनाची माणसे होती. तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्यासारख्या अधिकारी त्यात होत्या, तरी साक्ष द्यायला मुली पुढे येईनात आणि बरेच आरोपी सुटले. अजमेरच्या प्रकरणात शेवटच्या सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनी. त्या मुली तोवर आज्या झाल्या होत्या.

अजमेरचे नाव आपल्या पानांवर फारसे येत नाही. कारण तिथले प्रमुख आरोपी मुसलमान होते, दर्ग्याच्या खादिम घराण्यांतले होते, आणि ते नाव आज काहीजण पूर्ण समाजाला ठोकण्यासाठी वापरतात. ते वापरतात म्हणून आम्ही बोलायचे नाही? ज्यांनी मुलींचे आयुष्य नासवले ते आमचे म्हणून त्यांना झाकायचे, हा कोणता दीन झाला? जळगावचे आरोपी कोणत्या धर्माचे होते हे कोणी विचारत बसत नाही. अजमेरचे विचारले जाते. हा अन्याय आहे हे मान्य करूनही आम्ही म्हणतो की अजमेरवर पहिला लेख मुसलमानाने लिहायला हवा होता.

येथूनच त्या दुसऱ्या गोंगाटाकडे यावे लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. मुलींच्या काळजीने नेमली असती तर आम्ही स्वागत केले असते. जुलै २०२३ मध्ये केंद्राने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १,७८,४०० स्त्रिया आणि १३,०३३ अल्पवयीन मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. त्यांतल्या अनेकजणी सापडतात, घरी परततात. सगळ्याच विकल्या गेल्या असे कोणी म्हणू नये. पण ज्या सापडत नाहीत त्यांच्यासाठी कोणती समिती बसली? बेपत्ता मुलीचा धर्म आणि तिच्यासोबतच्या मुलाचा धर्म विचारून झाल्यावर ज्या व्यवस्थेचे कुतूहल संपते, ती व्यवस्था दलालाच्या फायद्याची आहे. दलाल सर्व धर्मांच्या मुली घेतो.

आणि आमच्या पोरांनी काय केले? २०२३ मध्ये 'भगवा लव्ह ट्रॅप' नावाची नक्कल काढली. शहराशहरांत बुरख्यातल्या मुलींना रस्त्यात अडवले, सोबतच्या मुलाचे नाव विचारले, तिचा नकाब ओढला, व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर सोडला. कौमची इज्जत वाचवतो म्हणे! मुलीच्या मर्जीविरुद्ध तिचे चित्रण करून ते पसरवण्याची धमकी देणाऱ्यात आणि ते खरेच पसरवणाऱ्यात आम्हाला तरी फरक करता येत नाही. उलट पहिला निदान लपून करतो.

या गोंगाटात एक साधी गोष्ट बुडते. सोळा वर्षांची मुलगी अठरा वर्षांच्या मुलाबरोबर निघून जाणे वेगळे आणि तिला ठरवून माया लावून विकायला नेणे वेगळे. घरचे दोन्हींना 'भाग गई' म्हणतात आणि पोलीस ठाण्यात दोन्हींना 'प्रेमप्रकरण' म्हणून बाजूला सारले जाण्याचा धोका असतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या १४३व्या कलमात मानवी तस्करीची व्याख्या आहे, आणि ती व्याख्या सांगते की तस्करी झाली की नाही हे ठरवताना पीडितेची संमती विचारात घ्यायची नाही. 'ती स्वतःच्या पायांनी गेली' हा युक्तिवाद कायद्याने कधीच फेटाळला आहे. तो आता फक्त नातेवाइकांच्या तोंडी उरला आहे.

चाकणच्या बाजूला तर मुलगी आणायला प्रेमाचे सोंगही लागत नाही. 'कंपनीत हेल्पर पाहिजे, मुली चालतील, राहणे-खाणे मोफत' असा निरोप फोनवर फिरतो. त्यातले बरेच निरोप खरेच कामाचे असतात, म्हणूनच खोटा ओळखू येत नाही. लांबच्या जिल्ह्यातली मुलगी तळेगाव चौकात उतरते तेव्हा तिच्याजवळ फक्त एक मोबाईल नंबर असतो. ज्याचा नंबर तो तिला ठेकेदाराकडे नेईल की दुसरीकडे, हे तिच्या हातात नसते. पुण्याची बुधवार पेठ येथून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे, आणि आता त्या पेठेपर्यंत जायचीही गरज राहिलेली नाही. आमच्याच शहरातल्या स्पा आणि मसाज सेंटरवर पोलिसांचे छापे पडतात, मुलींची सुटका होते, बातमी चार ओळींची येते. म्हणजे हा पट्टा मुली पाठवणाराही आहे आणि मुली आणणाराही. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने भंगाराची गोदामे आणि शेड अशी हजारो बांधकामे पाडली. कारवाईच्या बऱ्यावाईटाचा वाद येथे घालत नाही. पण धंदा उठला की कुटुंब हलते आणि कुटुंब हलले की मुलीची शाळा सुटते, हे कोणताही वर्गशिक्षक हजेरीपट बघून सांगेल. शाळा सुटलेल्या मुलीला "काल का आली नाहीस?" असे विचारणारे जगात कोणी उरत नाही. दलालाला अशीच मुलगी हवी असते. म्हणून दुसरा उपाय, शाळा बंद करण्याचा, आम्हाला सर्वांत जास्त बोचतो.

तिसऱ्या उपायाबद्दल आमच्या समाजात बोलायला मनाई असल्यासारखे आहे. निकाह पवित्र आहे, मान्य. पण निकाहाच्या आडून मुली विकल्या गेल्या आहेत हेही खरे आहे. १९९१ मध्ये हैदराबादहून दिल्लीला निघालेल्या विमानात एका हवाईसुंदरीने रडणाऱ्या लहान मुलीला विचारले, तेव्हा कळले की शेजारी बसलेला साठीचा अरब तिचा नवरा आहे. देशभर बातमी झाली, तरी त्या शहरातले शेखांचे निकाह त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. हरयाणाच्या मेवातमध्ये लांबच्या राज्यांतून आणलेल्या बायकांना 'पारो' आणि 'मोलकी' म्हणतात. मोलकी म्हणजे मोल देऊन आणलेली. त्यांचाही निकाह झालेला असतो. आमच्याकडे घाईने, बदनामीच्या धाकाने, अनोळखी माणसाशी जो निकाह लागतो, त्यात मुलाचे आधारकार्ड कोण बघतो? तो सांगतो त्या कंपनीत खरेच कामाला आहे का, गावी पहिली बायको आहे का, हे कोण विचारतो? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचे १२वे कलम सांगते की अल्पवयीन मुलीला फूस लावून, विकून किंवा तस्करीसाठी लावलेला विवाह मुळातच रद्दबातल आहे. शरीअतच्या नावाने याला अडवणाऱ्यांना आम्ही विचारतो : मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह कोणत्या मसलकमध्ये पसंत केला जातो? मार खाऊन दिलेली 'कुबूल है' ही रजामंदी म्हणायची का?

आणि बदनामीचेच बोलायचे तर शरीअतच्या भाषेतच बोलू. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा यांच्यावर मदिन्यात तोहमत घेतली गेली, तो इफ्कचा वाकया आपल्या प्रत्येक मदरशात शिकवला जातो. त्यानंतर जो हुकूम आला तो असा की पाकदामन स्त्रीवर आरोप करणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, नाहीतर त्यालाच ऐंशी फटके, आणि पुढे त्याची साक्ष कधी मानू नये. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी बोट मुलीकडून बोलणाऱ्याकडे वळवले गेले. आमच्या मोहल्ल्यात ते पुन्हा मुलीकडे कोणी वळवले? जिन्यात उभे राहून "सुना क्या?" म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांकडे चार साक्षीदार असतात? इमामसाहेबांनी वर्षातला एक जुमा मोबाईलऐवजी यावर खर्च केला तर मुलींचे अधिक भले होईल.

पोलीस ठाण्याची भीती आम्हालाही समजते. मुसलमान माणूस ठाण्याची पायरी चढताना दोनदा विचार करतो, त्याला कारणे आहेत. पण कायद्यात काय लिहिले आहे ते माहीत नसल्याने ही भीती दुप्पट होते. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरे वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा. अधिकारी गणवेशात नसावा. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. खटला बंद दालनात चालतो. तिचे नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणे गुन्हा आहे. मुलीला फोनवरून सतत गाठणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हा. शरीरसंबंधाच्या हेतूने मुलाला ऑनलाइन नात्यात ओढणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमात बसते, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवलीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे. 'दोन दिवस थांबा, येईल' हे उत्तर ऐकून घरी परतायचे नाही. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून आहे आणि चाकणही त्यातच येते, तेव्हा पिंपरी आणि चाकण यांच्यात हद्दीचे कारण सांगून कोणी टोलवू लागला तर तेही ऐकायचे नाही. फोनमधला मजकूर पुसायचा नाही, तोच पुरावा असतो. पहिला उपाय राबवणारा बाप रागाने फोन जमिनीवर आपटतो तेव्हा गुन्हेगाराचा नंबर, नाव, धमक्या, सगळे त्याच्या पायाशी फुटून पडते.

आमच्या पेशालाही सोडत नाही. पॉक्सोच्या १९व्या कलमाने मुलावरच्या अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतले प्रकरण उघड झाले तेव्हा हे कलम अचानक सर्व संस्थाचालकांना आठवले आणि दोन महिन्यांत पुन्हा विसरले गेले. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत 'सखी सावित्री समिती' स्थापन करायला सांगितले. बऱ्याच ठिकाणी ती भिंतीवरच्या फलकावर आहे. 'शाळेचे नाव खराब होईल' हे वाक्य आणि बापाचे 'खानदान का नाम' हे वाक्य यांत आम्हाला काडीचा फरक दिसत नाही. मराठी माध्यमाच्या शाळांत तरी अधूनमधून कोणी पोलीस भगिनी येऊन बोलून जाते. उर्दू शाळेच्या वाट्याला ती आली तरी तिची मराठी पाचवीच्या मुलींना अर्धीच कळते, आणि भाषांतर करणारी बाई लाजून अर्धेच सांगते. शरीराच्या अवयवांची नावे घ्यायला आमची उर्दू संकोचते. त्याच उर्दूत इश्कावर एवढी गझल लिहिली गेली, नवल आहे.

मागणे मोठे नाही. सातवीच्या पुढे मुलगी गळू नये म्हणून जमातीने बसच्या पासाचा खर्च उचलावा. वलीम्याच्या एका देगेत वर्षभराचे कित्येक पास निघतील. प्रत्येक उर्दू शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लिहिलेला असावा, आणि तो कशासाठी आहे हे मुलींना त्यांच्या बोलीत सांगावे. आईने मुलीला एकदा तरी म्हणावे : तू काहीही केले असलेस तरी आधी मला सांग, शाळा सुटणार नाही. आणि काजीसाहेबांनी निकाहनाम्यावर सही करण्याआधी दोघांचे वयाचे दाखले बघावेत, मुलाचा कायमचा पत्ता आणि कामाचे ठिकाण लिहून घ्यावे, त्याच्या गावच्या मशिदीत एक फोन करून खात्री करावी, आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी होते की नाही ते पाहावे. मुलीचे वय अठराला पोहोचत नसेल तर रजिस्टर बंद करून उठावे. मुलीचा बाप रागावेल, हॉल आणि बिर्याणीचे पैसे बुडाले म्हणेल. दुसऱ्या काजीकडे जाईन, अशीही धमकी देईल. म्हणून पिंपरी, कासारवाडी, नेहरूनगर, चिखली, चाकणच्या सर्व काजींनी हे आधी आपसांत बसून ठरवावे लागेल.